संगणकाची सामाईक कोठी

संगणकाच्या पडद्यावर एखादें अक्षर उमटतें, तेव्हां त्यामागची सारी खटपट त्या प्रोग्रॅमच्या कर्त्यानेंच केली असावी, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. बरेंचसें काम एका सामाईक कोठींतून उसनें घेतलेलें असतें. या कोठीस लायब्ररी म्हणतात.

तिचें एक जुनें रूप केंब्रिज येथें दिसतें. मॉरिस विल्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४९ सालीं तेथें एडसॅक हा संगणक चालू केला. वर्गमूळ काढणें, उत्तर छापणें हीं कामें वारंवार लागत, आणि दर वेळीं नव्यानें लिहितांना चुका होत. म्हणून डेव्हिड व्हीलर प्रभृतींनीं तीं छिद्रें पाडलेल्या कागदी फितींवर उतरवून कपाटांत ठेविलीं. ज्याला जें हवें, त्याची नक्कल त्यानें आपल्या फितींत घ्यावी.

आज लिनक्स प्रणालींत हें काम बहुधा जीलिबसी नांवाची लायब्ररी करते. यंत्राच्या स्मृतीवर ताबा असतो प्रणालीच्या गाभ्याचा. प्रत्येक लहान मागणीसाठीं त्याच्याकडे जाणें वेळखाऊ. वाण्याकडून पोतें आणून घरांत मापानें धान्य काढावें, तशी लायब्ररी गाभ्याकडून स्मृतीचा मोठा तुकडा घेते व प्रोग्रॅमला लागेल तसा देते. शिवाय आतां प्रत्येकाला निराळी नक्कल लागत नाहीं; स्मृतींतील एकच प्रत अनेक प्रोग्रॅम वापरतात.

परंतु सामाईक विहिरीचें पाणी बिघडलें, तर सारी आळी आजारी पडते. जीलिबसीच्या, संगणकाच्या नांवावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या भागांत २००० सालापासून एक दोष होता. त्याच्या आधारें परक्या मनुष्यास दुरून दुसऱ्याच्या यंत्रावर ताबा मिळविणें शक्य होतें. २०१३ सालीं तो दुरुस्तहि झाला. पण प्रश्न सुरक्षिततेचा आहे हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, आणि पुष्कळ यंत्रांवर जुनीच प्रत राहिली. धोका जाहीर झाला तो जानेवारी २०१५ मध्यें. तेव्हां एक लायब्ररी बदलतांच तिच्यावर विसंबलेले सारे प्रोग्रॅम सुधारले. मात्र चालू असलेले बंद करून पुन्हा सुरू करावे लागले, कारण त्यांच्या हातीं जुनीच प्रत होती.

उसनें घेण्यांत कमीपणा नाहीं. कोठीची झाडलोट विसरणें घातक. आपल्या यंत्रावर सुधारणेची सूचना येते, ती कित्येकदां या झाडलोटीचीच असते. ती उद्यांवर टाकूं नये, इतकेंच सांगणें.