जुन्या गाडीची निगा – लेखांक ११ : मागची बाजू उचलण्याआधी

मागच्या लेखात पुढच्या फोर्कचं तेल आणि स्प्रिंग यांचं पाहिलं. आता मागच्या शॉकअपकडे वळू. जुनी मोटरसायकल हातात आली की तिची मागची बाजू थोडी उचलून घ्यावी असं अनेकांना वाटतं. कुणाला ती तशी दिसायला आवडते. कुणाची उंची जास्त असल्यामुळे गुडघे अवघडतात. कुणाची गाडी स्पीडब्रेकरवर खाली घासते, तर कुणाला दोघं बसल्यावर मागचं चाक मडगार्डला लागण्याची भीती असते. चौघांच्या तक्रारी वेगळ्या असल्या तरी गॅरेजमध्ये चौघांनाही एकच इलाज मिळतो: लांब शॉकअप, नाहीतर शॉकअपच्या खाली जोडायचं एक्स्टेन्शन.

उदाहरणासाठी यामाहा आरएक्स १०० घेऊ. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी महाराष्ट्रात आजही जिवापाड सांभाळली जाते. वजन शंभर किलोच्या आसपास, दोन्ही चाकं १८ इंची, पुढचा टायर २.५०, मागचा २.७५, दोन्हीकडे ड्रम ब्रेक, मागे दोन शॉकअप आणि दोन्ही चाकांच्या आसांमध्ये जेमतेम १२४० मिमी अंतर. हे शेवटचं माप लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावरच उभा आहे.

पण त्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. तुमच्या गाडीची मागची बाजू मुळातच कमी उंच आहे, की तीस वर्षांत ती खाली बसली आहे? माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि नेमकं तेच वगळलं जातं. स्प्रिंग वर्षानुवर्षं ओझ्याखाली राहून थोडी आखडते, शॉकअपच्या वरखालच्या डोळ्यांमधले रबरी बुश चेपतात. यातली प्रत्येक गोष्ट काही मिलीमीटर खाते. अशा गाडीला एक्स्टेन्शन लावणं म्हणजे थकलेल्या स्प्रिंगचा दोष झाकणं. गाडी उंच दिसेल, पण खड्ड्यात पूर्वीसारखीच आपटेल.

मोजणं सोपं आहे. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत राहू द्या. आसाच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या फ्रेमवर एक खूण करा आणि अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवून सरळ धरा, दोनदा दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. तिसऱ्यांदा, नेहमीचा चालवणारा माणूस पाय वर घेऊन बसलेला असताना मोजा. दुसऱ्या कुणीतरी पुढून गाडी धरायला हवी. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे माणूस बसल्यावर गाडी किती दबते ते. चाकाच्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश इतकं दबणं योग्य. अशा जुन्या गाड्यांत ही चाल दहा सेंटीमीटरच्या आतच असते, त्यामुळे एकटा माणूस बसल्यावरच निम्मी चाल संपत असेल तर स्प्रिंग गेली आहे असं समजा आणि मूळ मापाची, चांगल्या प्रतीची नवी जोडी घाला. पुष्कळांना त्यानंतर आणखी काही करावंसंच वाटत नाही.

नवी जोडी घालूनही उंची हवीच असेल, तर आता तो १२४० मिमीचा आकडा कामाला येतो.

खाटेच्या पायथ्याखाली वीट सरकवली की उशाकडची बाजू झुकते. गाडीचंही तसंच होतं. मागचं टोक वर गेलं की अख्खी फ्रेम पुढच्या आसाभोवती फिरते आणि हँडलचा दांडा अधिक उभा होतो. किती उभा? दोन्ही बाजूंना २० मिमी लांब शॉकअप घातले, तर शॉकअप थोडे तिरपे आणि आसाच्या जरासे पुढे बसवलेले असल्याने मागची बाजू वीसपेक्षा जास्त, साधारण २२ ते २४ मिमी उचलली जाते. १२४० मिमी लांबीवर हा जवळजवळ एक अंश होतो. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण हँडलच्या बाबतीत तो किरकोळ नाही.

हँडलच्या दांड्याची रेषा मनात खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे टेकते ती जागा, टायर जिथे जमिनीला टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे असते. या अंतराला ट्रेल म्हणतात. टायरची टेक त्या रेषेच्या मागे असल्यामुळेच चाक आपोआप सरळ राहू पाहतं आणि हात सैल असले तरी गाडी रेघ सोडत नाही. दांडा एका अंशाने उभा झाला की या मापाच्या चाकावर ट्रेल पाच-सहा मिमीने घटतो. गाडी वळायला चपळ होते, घाटातल्या लागोपाठच्या वळणांवर हलकी वाटते आणि पहिल्या दिवशी मालक खूश होतो. मग कधीतरी खडबडीत रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगात हँडल हातात थरथरू लागतं.

जोराने पुढचा ब्रेक दाबल्यावर तर हे आणखी वाढतं. समजा फोर्क ६० मिमी दबला; त्या क्षणी दांडा आधीच जवळजवळ अडीच अंशांनी उभा झालेला असतो. तुम्ही दिलेला एक अंश त्याच्यावर चढतो. गाडी जिथे सगळ्यात कमी स्थिर, नेमकं तिथेच आपण तिची उरलेली स्थिरता काढून घेतो. त्यातच पुढच्या फोर्कच्या स्प्रिंगही म्हाताऱ्या असतील, तर पुढचं टोक आधीच खाली गेलेलं असतं आणि दोन्ही दोष एकाच दिशेने काम करतात. म्हणून मागचा लेख आधी आणि हा नंतर. मागच्या चाकाला २.७५ ऐवजी ३.०० चा टायर चढवला असेल, तर मागची बाजू त्यानेच सहा मिमी उचलली आहे, हेही हिशेबात धरा.

शॉकअपच्या खालचं खाचांचं कडं फिरवून उंची मिळते, हे खरं. पण त्याने स्प्रिंग कडक होते ही समजूत चुकीची आहे. स्प्रिंगचा कडकपणा तिची तार, वेढे आणि व्यास यांवर ठरतो. कडं फिरवून आपण फक्त ती आधीच थोडी दाबून ठेवतो, त्यामुळे गाडी माणसाच्या वजनाखाली कमी बसते. हे शेवटच्या खाचेपर्यंत नेलं की चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही आणि खोलगटात ते रस्ता सोडतं. उंची आणि स्प्रिंगवरचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९४ च्या डुकाटी ९१६ मध्ये मागच्या उंचीसाठी लांबी बदलता येणारा स्वतंत्र दांडा दिला होता, तो याचसाठी: स्प्रिंगला हात न लावता उंची बदलावी. आरएक्समध्ये तशी सोय नाही. इथे उंची बदलायची तर शॉकअपची लांबीच बदलावी लागते.

ती बदलायचीच असेल तर पूर्ण लांबीचे, एकाच बनावटीचे दोन शॉकअप घ्या. एक्स्टेन्शनला माझा ठाम विरोध आहे. शॉकअपच्या डोळ्याखाली आणखी एक सांधा येतो, त्यात हलकासा खेळ राहतो, खड्ड्यातला आडवा धक्का शॉकअपच्या बारीक दांड्यावर येतो. शिवाय डावं-उजवं तंतोतंत सारखं नसेल तर मागचं चाक धरणारा चिमटा (स्विंगआर्म) पिळतो. लांब शॉकअपची चालही लांब असेल, तर स्प्रिंग काढून, नुसता शॉकअप बसवून चाक हाताने पूर्ण वर उचलून बघा. टायर मडगार्डला किंवा चिमटा फ्रेमला लागता कामा नये.

यानंतरची कामं गॅरेजमध्ये बहुधा राहून जातात. पहिलं काम चेनचं. पुढचं चक्कर, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा आस हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. आता चिमटा अधिक खाली झुकलेला असल्याने तो त्या रेषेपासून आणखी लांब गेला आहे. मेन स्टँडवर नेहमीच्या सवयीने चेन ताणली, तर माणूस बसताच ती जास्तच आवळते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. चिमटा त्या रेषेत येईपर्यंत गाडी दाबून धरा आणि मगच ढिलाई ठरवा. चिमट्याच्या बोल्टजवळ चेन घासत नाही ना, तेही बघा. मागच्या ब्रेकचा रॉड पुन्हा लावा. चाक हवेत असताना हाताने फिरवलं तर ते मोकळं फिरलं पाहिजे. मेन स्टँडवर मागचं चाक आता जमिनीला टेकू शकेल आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलेल, कारण स्टँडची लांबी तीच आहे. कललेल्या गाडीला मऊ मातीत आडवं व्हायला वेळ लागत नाही. हेडलाइटही एका अंशाने खाली गेला आहे: दहा मीटरवर सतरा-अठरा सेंटीमीटर, पंचवीस मीटरवर चव्वेचाळीसच्या आसपास. रात्रीच्या घाटात हा फरक जिवाशी गाठ घालू शकतो.

सुरुवातीच्या चौघांकडे पुन्हा बघू. उंच माणसाने शॉकअपला हात लावू नये. सीटच्या फोममध्ये वीस मिमीची भर घातली की गुडघे मोकळे होतात आणि हँडलचा कोन जागचा हलत नाही. स्पीडब्रेकरवर घासणाऱ्यालाही यात फारसा फायदा नाही, कारण पुढचं टोक तिथेच राहतं आणि मागून २४ मिमी उचलल्यावर मध्यावर इंजिनखाली जेमतेम १२ मिमी मिळतात. दोघं बसून चालवणाऱ्याला वजनाला साजेशी कडक स्प्रिंग हवी. उरला दिसण्याची आवड असलेला. त्याची आवड मला समजते, पण शंभर किलोच्या या आखूड गाडीला मी दहा मिमीच्या पुढे जाऊ देणार नाही, आणि तेही फोर्क व हँडलच्या बेअरिंगचा कोनसेट ठणठणीत असतील तरच.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीला उभं राहावं लागतं, म्हणून मूळ शॉकअप पुसून, तेल लावून जपून ठेवा.

काम झाल्यावर आधी ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात जा. थोडा खडबडीत पट्टा निवडा, ब्रेक हळूहळू वाढवत दाबून बघा. हँडल थरथरल्यासारखं वाटलं तर तसंच पुढे चालवू नका. परत या आणि जुने शॉकअप चढवा.

शॉकअप काढाल तेव्हा चिमट्याच्या बोल्टच्या बुशचीही अवस्था बघून ठेवा. त्या बुशविषयी पुढच्या आठवड्यात.