गोठ्यातल्या तीन पिढ्या

चैत्र सरत आला आहे. सकाळचे जेमतेम साडेआठ वाजलेत, तरी अमडापुरातल्या या गोठ्यावरचे पत्रे तापू लागले आहेत. दावणीला तीन जनावरं ओळीनं बांधली आहेत. पहिली म्हातारी गावरान गाय: खैरा रंग, उंच वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी. दुसरी तिची लेक, शिंगांपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत काळीकुट्ट. फक्त पोटाखाली तळहाताएवढा पांढरा डाग. तिसरी त्या काळीची कालवड, अंगभर काळे-पांढरे पट्टे असलेली बांडी, पाठ सपाट. आई, लेक आणि नात. तिघींकडे एका नजरेत पाहिलं, की गेल्या काही वर्षांत वऱ्हाडातल्या गोठ्यांचा रंग कसा बदलला ते समोर उभं राहतं.

काळी गाय काल संध्याकाळपासून हंबरते आहे. शेपटीखाली काचेसारखी बळस लोंबते आहे. संध्याकाळी माजावर आलेली गाय दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायची, हा हिशेब घरातल्या सूनबाईंना पाठ आहे. त्यांनीच रात्री फोन केला होता. आता मोटरसायकल दारात थांबते. कृत्रिम रेतन करणारा तरुण उतरतो. गावात त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात. नायट्रोजनचं भांडं तो सावलीत ठेवतो, झाकण काढतो, आणि पांढरी वाफ तोंडावरून खाली सांडते. आत उणे 196 अंश सेल्सिअस आहे. आणि त्या गारठ्यात रेताच्या पाव मिलिलिटरच्या बारीक कांड्या उभ्या आहेत.

‘‘कोनती कांडी आनली?’’ आबा खाटेवरूनच विचारतात.

‘‘एचएफ हाये, जर्सी हाये, संकर हाये, गीर बी हाये.’’

‘‘यंदा काळं नको बापा. गीर भर. तांबडं वासरू पायजे.’’

सूनबाई चरवी खाली ठेवतात. ‘‘मामाजी, रंग पाहून दूध येते का? डेअरीत फॅट लागते, रंग नाही.’’

त्यांचं बोलणं ऐकताना मी त्या तीन पाठी पुन्हा पाहतो. होल्स्टिन फ्रिजियन, म्हणजे एचएफ, वळूकडे रंगाच्या जनुकाच्या बहुधा दोन्ही प्रती काळ्याच असतात. हा काळा रंग तांबड्यावर मात करतो. म्हणून म्हातारीला पहिल्यांदा एचएफची कांडी भरली, तेव्हा वासरू काळंच होणार हे जवळपास ठरलेलं होतं. एचएफच्या अंगावरचे पांढरे पट्टे मात्र मागे हटणाऱ्या जनुकाचे. एका बाजूनं आले तर दबून राहतात. त्यामुळे पहिल्या पिढीत जवळपास सबंध काळी गाय दिसते, पोटाखाली एखादा पांढरा डाग घेऊन. त्याच काळीला पुन्हा एचएफ दिला, की दोन्हीकडून पांढऱ्याचं जनुक मिळालेली बांडी कालवड जन्माला येऊ शकते. इथे तसंच झालं आहे.

आबांना तांबडं वासरू हवं आहे, आणि ते मिळूही शकतं. काळीकडे एक प्रत बापाची काळी, दुसरी म्हातारीची. गीरची कांडी भरली तर काळं किंवा तांबडं, दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. पण वासरू तांबडं निघालं तरी त्याच्या अंगात सरासरी चौथा हिस्सा एचएफचं रक्त असणारच. आणि काळं निघालं तरी तेवढंच असेल. रंग फक्त एका जनुकाचं सांगतो. बाकी हजारो जनुकांबद्दल तो गप्प असतो.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी मला सातासमुद्रापार पाहावं लागतं. अमेरिकेत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांमध्ये अँगस जात मूळची काळी. स्वित्झर्लंडची सिमेंटल तांबडी-पांढरी, फ्रान्सची लिमोझिन सोनेरी-तांबूस. 1978 साली अँगस पैदासकारांनी ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ हा शिक्का सुरू केला. त्यात शिरण्याची पहिली पायरी होती कातडी: अंगाचा निम्म्याहून जास्त भाग काळा हवा. मांसाच्या कसोट्या त्यानंतर. मग काळ्या जनावराला बाजारात चढा भाव मिळू लागला. सिमेंटल आणि लिमोझिन पाळणाऱ्यांनी आपल्या गायींना अँगस वळू दाखवले, त्या काळ्या लेकींना पुन्हा आपल्या जातीचे वळू दिले आणि दर पिढीत काळी वासरं तेवढी ठेवली. काही पिढ्यांत कागदावर सिमेंटल आणि अंगावर काळा, असे कळप तयार झाले. त्यांच्यात अँगसचं रक्त थोडंच उरलं, रंग मात्र पुरता टिकला. गिऱ्हाईक ज्या खुणेला पैसे देतं, ती खूण पैदासकार राखतो.

अमडापुरातला बाजार दुधाचा आहे, पण रीत तीच. 1967 साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफची स्थापना केली. त्या संस्थेनं आणि सरकारी दवाखान्यांनी संकरित गाय गावोगाव नेली, आणि दुधाच्या पैशानं कित्येक घरं सावरली. सूनबाईंचं घरही त्यातलंच. मुलांच्या शाळेचा खर्च याच काळीवर चालतो, असं त्या अभिमानानं सांगतात. तो अभिमान खरा आहे. संकराला नाव ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण काळी म्हणजे दुधाची, बांडी म्हणजे त्याहून दुधाची, अशी समजूत एकदा घट्ट झाली, की वंशावळ कुणी विचारत नाही.

शेजारच्या छपरात बांधलेली भुरी म्हैस हेच दाखवते. ती पूर्णाथडी आहे, घाटाखालून, पूर्णेच्या खोऱ्यातून आणलेली. फिकट भुऱ्या रंगाची ही म्हैस अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांची. जानेवारी 2023 मध्ये ती स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेल्याचं जाहीर झालं. शेजारच्या आजी मात्र डॉक्टरला हाक मारून सांगतात, ‘‘हिला पुढच्या वक्ताला मुऱ्हाच दे रे. काळीभोर पारडी झाली म्हंजे गिऱ्हाईक दारी येते.’’ नोंद झालेल्या जातीला तिच्याच दावणीत असा धोका आहे.

ऊन छपराच्या आत शिरतं. म्हातारी शांतपणे रवंथ करते आहे. काळीचा श्वास वाढला आहे. बांडी कालवड तोंड उघडून धापा टाकते आहे. सूनबाई तिच्या पाठीवर ओलं पोतं टाकतात. काळी कातडी ऊन जास्त शोषते, हे खरं. पण म्हातारीला तारणारा एकटा रंग नाही. तिची सैल कातडी, घामाच्या ग्रंथी, बेताची भूक, हे सगळं वऱ्हाडी उन्हात घडलेलं आहे. कालवडीत तीन चतुर्थांश एचएफ आहे, आणि उन्हाळा त्या रक्ताला सोसत नाही. म्हणूनच तज्ज्ञ विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास थांबवायला सांगतात.

‘‘संकर वळूची दे,’’ सूनबाई ठरवतात. ‘‘निम्म्यावरच राहू दे. अन् त्या वळूच्या मायचं दूध किती, ते सांग.’’

आबा क्षणभर गप्प राहतात. मग म्हणतात, ‘‘म्हातारी पुन्हा माजावर आली, तर तिले मात्र गावरानच पाहू.’’

‘‘पाहू ना,’’ सूनबाई म्हणतात. त्यांच्या आवाजात समजूत काढणं नाही, होकार आहे.

डॉक्टर कांडी कोमट पाण्यात धरतो, पुसतो, कापतो, नळीत बसवतो. काम मिनिटभरात उरकतं. मग तो काळीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक मोबाइलमध्ये भरतो, वळूचा क्रमांक भरतो, तारीख भरतो. गोठ्यातलं आज सकाळचं सर्वांत मोलाचं काम माझ्या मते हेच आहे. ही नोंद नीट राहिली, तर पुढचं वासरू काळं होवो की तांबडं, त्याची माय कोण, बाप कोण, आजीनं किती दूध दिलं हे कुणालाही कळेल. बुलडाण्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकानं जनावराची पाठ पाहण्याआधी हा क्रमांक विचारावा, आणि प्रत्येक गोठ्यानं एक तरी गावरान गाय तिच्याच वाणात वाढवावी. भाव नोंदीला मिळू लागला, तर रंगासाठी जात मोडण्याची गरज कुणालाच उरणार नाही.