व्हिव्हियन ली : टाळ्यांमागचा आजार

व्हिव्हियन ली या इंग्लिश अभिनेत्रीला आज ज्याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात तो मनाचा आजार होता. तिच्या काळी डॉक्टर त्याला मॅनिक डिप्रेशन म्हणत. 'गॉन विथ द विंड' (१९३९) मधली स्कार्लेट ओ'हारा आणि 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९५१) मधली ब्लांश द्युब्वा या दोन भूमिकांसाठी तिला ऑस्कर मिळाले. लॉरेन्स ऑलिव्हिए या नटाशी लग्न झाल्यावर ही जोडी म्हणजे जणू ब्रिटिश रंगभूमीचे राजघराणेच, असे मानले जाई. नेमक्या याच वैभवाच्या वर्षांत आजार वाढत गेला, आणि जवळची चार माणसे सोडली तर फार थोड्यांना त्याचा पत्ता होता. तो लपवला गेला हे खरे. पण त्याहून जास्त तो लक्षातच आला नाही. त्याचे कारण बऱ्याच अंशी तिच्या पेशात सापडते.

या आजारात मन दोन टोकांमध्ये हेलकावते. एका टोकाला उन्माद असतो. झोपेची गरज उरत नाही, बोलणे थांबत नाही, डोक्यात एकामागून एक बेत येतात, पैसा पाण्यासारखा खर्च होतो, लैंगिक वागण्याला धरबंध राहत नाही, कोणी अडवले की संताप उसळतो. ही अवस्था आठवडाभर किंवा जास्त टिकते. दुसऱ्या टोकाला नैराश्य. ते कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने मुक्काम ठोकते. दोन्हींच्या मध्ये माणूस अगदी ठणठणीत असू शकतो. उन्मादाची पहिली पायरी मात्र फसवी असते. तिच्यात माणूस नेहमीपेक्षा हुशार, हजरजबाबी आणि देखणा वाटतो. एखाद्या कारकुनाला असे झाले तर घरचे चपापतात; नटीला झाले तर लोक म्हणतात, काय तेज आहे!

व्हिव्हियनचा जन्म ५ नोव्हेंबर १९१३ रोजी दार्जिलिंगमध्ये झाला. वडील अर्नेस्ट हार्टली कलकत्त्यात दलालीच्या व्यवसायात होते. सहाव्या वर्षी तिला लंडनजवळच्या रोहॅम्प्टनच्या कॉन्व्हेंट शाळेत ठेवले. १९३२ साली हर्बर्ट ली होल्मन या बॅरिस्टरशी लग्न झाले, पुढच्या वर्षी मुलगी झाली, आणि १९३५ साली 'द मास्क ऑफ व्हर्च्यू' या नाटकाने ती रातोरात प्रसिद्ध झाली. रंगभूमीसाठी घेतलेले 'ली' हे आडनाव नवऱ्याच्याच नावातले.

पहिली ठळक खूण १९३७ साली डेन्मार्कमध्ये दिसली. एल्सिनोरच्या किल्ल्यात 'हॅम्लेट'चा प्रयोग होता. ऑलिव्हिए हॅम्लेट, ती ऑफिलिया. प्रयोगाआधी काही कारण नसताना ती त्याच्यावर किंचाळू लागली, मग एकाएकी गप्प झाली आणि शून्यात पाहत बसली. प्रयोग मात्र बिनचूक केला. दुसऱ्या दिवशी तिला त्यातले काही आठवत नव्हते. तेव्हा दोघे प्रेमात होते आणि दोघांचीही आधीची लग्ने मोडायची होती. ताणाला कारणांचा तोटा नव्हता. म्हणून गोष्ट तिथेच विसरली गेली.

१९४० साली दोघांचे लग्न झाले. १९४४ मध्ये 'सीझर अँड क्लिओपात्रा'च्या चित्रीकरणाच्या काळात तिचा गर्भपात झाला, त्यानंतर ती खोल नैराश्यात गेली आणि एके दिवशी जमिनीवर कोसळून हुंदके देऊ लागली. त्याच सुमारास क्षयाचेही निदान झाले. पुढच्या वर्षांत ऑलिव्हिएला झटक्याचा क्रम ओळखता येऊ लागला : काही दिवस अफाट उत्साह, मग खिन्नता, मग स्फोट. स्फोट ओसरल्यावर तिला घडलेले आठवत नसे. पण कोणी सांगितले की शरमेने ती कोलमडून जाई आणि ज्यांना दुखावले त्यांची माफी मागे.

हा उत्साह पाहुण्यांना कसा दिसत होता ते बकिंगहॅमशरमधल्या त्यांच्या नॉटली ॲबी या जुन्या वास्तूत पाहावे. शनिवारी रात्रीचा प्रयोग आटोपून मंडळी लंडनहून तिथे पोहोचत. मध्यरात्रीनंतर जेवण, मग पत्ते, कोडी, नकला. पाहुण्यांचे डोळे मिटत असत आणि यजमानीणबाई कोणाला झोपायला जाऊ देत नसत. पहाटे सगळे आडवे झाले तरी सकाळी ती ताजीतवानी, प्रत्येक खोलीत फुले मांडून तयार. पाहुणे परतल्यावर वर्णन करत ते तिच्या अगत्याचे. अगत्य खोटे नव्हतेच; पण आज एखाद्या मनोविकारतज्ज्ञाने हे वर्णन ऐकले तर पहिला प्रश्न तो झोपेबद्दल विचारील.

१९४८ साली ओल्ड व्हिक नाटकसंस्थेसाठी ऑलिव्हिए दांपत्य ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सहा महिन्यांच्या दौऱ्यावर निघाले. ख्राइस्टचर्चला प्रयोगाच्या तोंडावर तिचे बूट सापडेनात, आणि बुटांशिवाय रंगमंचावर जाणार नाही म्हणून ती अडून बसली. ऑलिव्हिएने तिच्या थोबाडीत मारली. तिनेही उलट लगावली. मग दुसऱ्या कोणाचे तरी बूट चढवून, डोळे पुसून ती हसत प्रवेशाला गेली. समोरच्या प्रेक्षकांना कशाचाच सुगावा लागला नाही. हा प्रसंग सांगणारे तिच्या लहरीपणाकडे बोट दाखवतात. खरे तर त्यात आश्चर्य वाटावे ते तिच्या शिस्तीचे.

या दौऱ्याला एक विलक्षण योगायोग चिकटलेला आहे. त्याच वर्षी मंडळींचे प्रयोग मेलबर्नमध्येही झाले, आणि त्याच वर्षी मेलबर्नच्या वेशीवरच्या बंडूरा इथल्या मनोरुग्णालयात जॉन केड हा डॉक्टर उन्मादाच्या रुग्णांना लिथियमचे क्षार देऊन पाहत होता. त्याचा निबंध १९४९ मध्ये छापून आला. याच आजारावरचे पुढे सर्वात भरवशाचे ठरलेले औषध तिच्यापासून असे काही मैलांवर होते. पण लिथियमची मात्रा थोडी चुकली तरी विषबाधा होते. मिठाला पर्याय म्हणून लिथियम क्लोराइड वापरणारे काही रुग्ण अमेरिकेत त्याच सुमारास दगावले होते. शिवाय साध्या क्षाराचे पेटंट मिळत नसल्याने कंपन्यांना त्यात रस नव्हता. अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली ती १९७० साली.

दरम्यान तिच्या वाट्याला ब्लांश आली. लंडनच्या ऑल्डविच थिएटरात १९४९ पासून 'स्ट्रीटकार'चे ३२६ प्रयोग झाले, पाठोपाठ इलिया कझानचा चित्रपट. वास्तवाचा धागा सुटत चाललेली, शेवटी वेड्यांच्या इस्पितळात नेली जाणारी बाई रात्रीमागून रात्री उभी करायची, हे तिला फार जड गेले, आणि तसे ती पुढे स्वतः बोललीही. भूमिकेमुळे आजार झाला असे म्हणता येत नाही. तो आधीपासून होताच. मात्र आजारात ब्लांशची वाक्ये तिच्या तोंडी येऊ लागली.

१९५३ च्या आरंभी 'एलिफंट वॉक' या चित्रपटासाठी ती सिलोनला गेली. नायक होता पीटर फिंच. त्याच्याशी तिचे प्रेमप्रकरण होतेच. उष्म्यात, जागरणांत तिची अवस्था बिघडत गेली. ती फिंचला 'लॅरी' म्हणून हाक मारू लागली. हे ऑलिव्हिएचे घरगुती नाव. हॉलिवूडला पोहोचल्यावर ती पूर्ण ढासळली. चित्रपट एलिझाबेथ टेलरकडे गेला. लांबून घेतलेल्या काही दृश्यांत अजूनही व्हिव्हियनच दिसते. तिला इंग्लंडला आणून सरे परगण्यातल्या नेदर्न रुग्णालयात दाखल केले आणि दिवसचे दिवस औषधाने झोपवून ठेवले. हे जगजाहीर झाले, तरी वृत्तपत्रांत शब्द आला तो 'नर्व्हस ब्रेकडाउन'. त्यातून थकवा, अतिश्रम असे काहीही समजता येई. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला, स्वतःच्या चाळिसाव्या वाढदिवशी, लंडनच्या फिनिक्स थिएटरात 'द स्लीपिंग प्रिन्स'च्या पहिल्या प्रयोगाला ती उभी होती.

तिचा मुख्य उपचार होता विजेचे झटके. रोममध्ये १९३८ साली सुरू झालेली ही पद्धत नैराश्यावर गुणकारी आहे आणि आजही भूल देऊन वापरली जाते. पण तेव्हाची रीत पुष्कळच रांगडी होती आणि त्यानंतर काही काळाची स्मृती पुसली जाई. झटके घेऊन, कपाळाच्या कडेला भाजल्याच्या खुणा असतानाही ती प्रयोगाला गेल्याचे तिचे चरित्रकार सांगतात. उपचारांनंतरची ती आपल्याला पूर्वीची वाटेना, असे ऑलिव्हिएने लिहून ठेवले आहे. १९६० साली घटस्फोट झाला. त्यानंतर जॅक मेरिव्हेल हा नट तिच्याबरोबर राहिला. तिच्या आजाराची त्याला कल्पना होती, आणि त्याने ती जबाबदारी जाणून घेतली. याच काळात 'तोव्हारिच' या संगीतिकेसाठी तिला १९६३ चा टोनी पुरस्कार मिळाला, आणि तिचे प्रयोग चालू असतानाच पुन्हा एक झटका आला.

मृत्यू आला तो मात्र फुप्फुसांच्या वाटेने. जुना क्षय उलटला आणि जुलै १९६७ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, लंडनच्या ईटन स्क्वेअरमधल्या घरी ती गेली.

तिच्या आजाराबद्दल जे वाचायला मिळते त्यातले पुष्कळसे ऑलिव्हिएच्या १९८२ च्या आत्मचरित्रावर आधारलेले आहे, आणि ते वाचताना सावध राहावे लागते. जगाने पाहिलेल्या आदर्श जोडप्याची मोडतोड त्याला समजावून सांगायची होती, आणि सगळा दोष आजारावर ढकलणे त्याच्या सोयीचे होते. फिंचशी असलेले संबंध उन्मादात धरायचे की मोडत्या संसारात, हे कोणत्याही चरित्रकाराला खात्रीने सांगता आलेले नाही. तिची बाजू फार काळ कोणापुढे आली नाही. २०१३ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तिची पत्रे, रोजनिशा, छायाचित्रे आणि खुणा केलेल्या संहिता घेतल्या, तेव्हापासून अभ्यासकांना ती तिच्याच अक्षरात वाचता येते.