वीस वर्षे शिकवल्यानंतरची परीक्षा

‘आपली शाळा उर्दू आहे, म्हणजे आपल्याला टीईटी लागू नाही ना?’ शिक्षक असलेल्या अनेक मुस्लिम घरांत सध्या हा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर शाळेच्या माध्यमावर अवलंबून नाही. शाळा कोणाची आहे, यावर ते अवलंबून आहे. हा फरक नीट न कळल्यामुळे काही जण विनाकारण घाबरले आहेत, तर काही जण विनाकारण निर्धास्त बसले आहेत.

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेबाबत निकाल दिला. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मनमोहन यांच्या पीठापुढील या प्रकरणाचे नावच ‘अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे आहे. म्हणजे ज्या निकालाने देशभरातील लाखो शिक्षकांची झोप उडवली, त्याची सुरुवात आपल्याच राज्यातील एका मुस्लिम संस्थेच्या दाव्यातून झाली.

निकालाचा गाभा असा. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांना 1 सप्टेंबर 2025 रोजी निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक होता, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे आहे. नाही झाले तर नोकरी सोडावी लागेल किंवा सक्तीची निवृत्ती घ्यावी लागेल. निवृत्तीचे लाभ मिळतील, पण त्यासाठी लागणारी किमान सेवा पूर्ण झालेली असली पाहिजे. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली होती, ते परीक्षेशिवाय निवृत्तीपर्यंत काम करू शकतात. मात्र टीईटीशिवाय त्यांना बढती नाही. आपल्याकडे शिक्षक 58व्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे त्या दिवशी साधारण 53 ओलांडलेल्यांची नोकरी वाचली, बाकीच्यांना पुस्तक उघडावे लागणार.

आता आपल्या शाळांकडे वळू. 2014 साली ‘प्रमती’ प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले होते की, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम 30ने त्यांना आपल्या संस्था स्थापण्याचा व चालवण्याचा अधिकार दिला आहे. ताज्या निकालात दोन न्यायमूर्तींनी ‘प्रमती’च्या निष्कर्षाबद्दल शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. त्यावर निर्णय होईपर्यंत अल्पसंख्याक संस्थांच्या शिक्षकांवर या निकालाने टीईटीची सक्ती येत नाही.

पण अल्पसंख्याक संस्था म्हणजे अल्पसंख्याक समाजाने स्थापन केलेली आणि चालवलेली संस्था. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा, महानगरपालिकेची उर्दू शाळा या सरकारी शाळा आहेत. तिथली सगळी मुले मुस्लिम असोत, मुख्याध्यापकापासून शिपायापर्यंत सगळे मुस्लिम असोत, तिला कलम 30चे संरक्षण नाही. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, मुंबईपासून कोकणातील वस्त्यांपर्यंत पालिका आणि जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आपा आणि सर या निकालाच्या थेट कक्षेत येतात. खासगी संस्थेतील शिक्षकांनीही आपल्या शाळेचा अल्पसंख्याक दर्जा कागदावर आहे का, हे एकदा कार्यालयात जाऊन डोळ्यांनी पाहावे. ट्रस्टच्या नावात ‘अंजुमन’ किंवा ‘इस्लाम’ असणे वेगळे आणि दर्ज्याचे प्रमाणपत्र असणे वेगळे.

शिक्षकांची तक्रार मला पुष्कळ अंशी रास्त वाटते. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला. त्याच वर्षी 23 ऑगस्टला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने टीईटीची अट आणली. महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली ती डिसेंबर 2013 मध्ये. त्याआधी जे नोकरीला लागले, त्यांनी त्या वेळच्या सगळ्या अटी पाळल्या होत्या: डी.एड. केले, निवड प्रक्रियेतून आले, अनेकांनी तुटपुंज्या मानधनावर तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढली. टीईटी नव्या भरतीसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असेच ते समजत आले आणि पुढची बारा वर्षे कोणी त्यांना परीक्षेला बसवलेही नाही. 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. 31 मार्च 2015 रोजी सेवेत असलेल्या, पण किमान पात्रता नसलेल्यांना चार वर्षांची मुदत मिळाली आणि ती 2019 मध्ये संपलीही. ही दुरुस्ती आपल्याला उद्देशून आहे, असे गावच्या शाळेतल्या शिक्षकाला तेव्हा कोणी समजावून सांगितले होते?

दुसरी बाजूही खरी आहे. मुलाला चांगला शिक्षक मिळावा, हा मुलाचा हक्क आहे आणि चौथीतल्या मुलाला धड वाचता येत नसेल तर त्याच्या अम्मीला शिक्षकाच्या सेवाशर्तींचे काय करायचे? उर्दू शाळांची स्थिती सगळीकडे चांगली आहे, असे आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही. प्रश्न एवढाच की, वीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाचे शिकवणे दीडशे पर्यायी प्रश्नांतून कळते का? सीरतच्या ग्रंथांत बद्रच्या कैद्यांचा प्रसंग येतो. ज्यांच्याकडे खंडणी द्यायला पैसे नव्हते, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीन्यातील दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटावे, असे ठरले. तिथे शिकवणाऱ्याची कसोटी मुलांच्या हाती आलेल्या विद्येत होती. सेवेतल्या शिक्षकासाठी वर्गातले निरीक्षण, मुलांची प्रगती आणि प्रशिक्षण यांना परीक्षेच्या जोडीने वजन दिले असते तर ते अधिक न्याय्य झाले असते, असे माझे मत आहे.

परीक्षेचा आपला इतिहासही फार उजळ नाही. 2019-20च्या टीईटीत गुण वाढवून दिल्याचा घोटाळा पुणे पोलिसांनी उघड केला, परीक्षा परिषदेच्या प्रमुखालाच अटक झाली आणि 2022 मध्ये 7,880 उमेदवार अपात्र ठरवले गेले. प्रामाणिकपणे बसणाऱ्यांचा निकाल अनेकदा एक आकडी टक्क्यांत राहिला आहे. त्यात या दोन वर्षांतच जनगणना येते. 2026 मध्ये घरांची यादी, फेब्रुवारी 2027 मध्ये प्रत्यक्ष मोजणी. दारोदार फिरणाऱ्यांत शिक्षकच मोठ्या संख्येने असणार. मतदार याद्यांचे कामही आहेच. घर सांभाळून नोकरी करणाऱ्या बाईने अभ्यास करायचा तो फजरनंतरच्या तासाभरात, नाहीतर सगळे झोपल्यावर.

शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या आहेत, उत्तर प्रदेशच्या सरकारने फेरविचार याचिकेचा मार्ग धरला आहे. त्यातून काही निघाले तर अल्हमदुलिल्लाह. पण मुदत 2027च्या ऑगस्टअखेर संपते आणि याचिकेच्या भरवशावर पुस्तक बंद ठेवणे महागात पडेल.

परीक्षा पाहिली तर ती हाताबाहेरची नाही. पेपर 150 गुणांचा, वेळ अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक: बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी 30 गुण. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. त्यात गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राला 60 गुण आहेत. पेपर उर्दूतून देता येतो. आपल्या शिक्षकांची दमछाक होते ती बहुधा दुसऱ्या भाषेत, बालमानसशास्त्रात आणि वेळेच्या गणितात. एका प्रश्नाला एक मिनिट मिळते. पर्याय वाचून झटपट काळे वर्तुळ करण्याची सवय पंचेचाळिशीत नव्याने लावावी लागते. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्याशिवाय ती लागत नाही.

उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना 55. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. ज्यांनी नोकरी खुल्या प्रवर्गातून मिळवली आणि जातीचा दाखला कधी काढलाच नाही, त्यांनी आता काढून ठेवावा. 55 आणि 60 यांतले साडेसात गुण कित्येकांची नोकरी वाचवतील. एकदा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. पूर्वीची सात वर्षांची मर्यादा 2021 मध्येच काढून टाकली आहे.

आपल्या संस्थाचालकांनी मोठ्या पीठाच्या निर्णयाची वाट पाहत बसू नये. शाळेचा हॉल संध्याकाळी रिकामाच असतो. आठवड्यातून दोन दिवस तिथे टीईटीचा वर्ग भरवला आणि शेजारच्या पालिका शाळेतल्या आपांनाही त्यात बसू दिले, तर खर्च फळा, खडू आणि चहाचाच आहे.