सतरा जणांच्या डोळ्यांनी पाहिलेला भगवा

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने डाळिंबाचा एक वाण दिला आणि त्याचं नावच ठेवलं 'भगवा'. कुठे त्याला शेंदरी म्हणतात, कुठे अष्टगंधा. साल चकचकीत, केशरीकडून लालाकडे झुकलेली. राहात्याच्या बाजारात फळ हातात घेतलं की रंगावरून वाद होत नाही, भावावरून होतो. रंगाचा वाद सुरू होतो तो फोटो निघाल्यावर. शेतकऱ्याच्या मोबाइलवर फळ शेंदरी, खोक्याचं डिझाइन करणाऱ्याच्या मॉनिटरवर भडक लाल, आणि छापून आलेल्या खोक्यावर विटकरी. गंमत अशी की तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नसतं.

कारण फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतोच. असतात ते आकडे. लाल २१५, हिरवा ७०, निळा ५०, असे काहीतरी. ही पडद्याला दिलेली आज्ञा झाली: तुझ्याकडचा लाल एवढा पेटव, हिरवा एवढा, निळा एवढा. पण 'तुझ्याकडचा लाल' म्हणजे कोणता? दोन कंपन्यांचे मॉनिटर सोडा, एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तरी त्यांचा लाल तंतोतंत जुळेल याची खात्री नाही. आज्ञा एकच, पाळणारे हजार.

रंगाचा खरा पत्ता सांगणारे आकडे वेगळे असतात. आपल्या राष्ट्रध्वजासाठी भारतीय मानक क्रमांक १ आहे. त्यात केशरी पट्टीचा रंग शब्दांवर सोडलेला नाही, तो अंकांत बांधला आहे: एक्स ०.५३८, वाय ०.३६०, उजळपणा २१.५. हे आकडे कोणत्याही मशीनला आज्ञा देत नाहीत. ठरलेल्या प्रकाशात त्या कापडावरून आलेला उजेड माणसाच्या डोळ्याला कसा दिसावा, एवढंच ते सांगतात. हा ध्वज स्वीकारण्याचा ठराव २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत नेहरूंनी मांडला. त्याआधी काही वर्षं ते नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत.

आता प्रश्न असा, की 'माणसाच्या डोळ्याला' म्हणजे नेमकं कुणाच्या?

उत्तर ऐकून मी पहिल्यांदा चक्रावलो होतो. सतरा जणांच्या. १९२०च्या दशकात लंडनमध्ये डेव्हिड राइट यांनी दहा जणांना आणि टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जॉन गिल्ड यांनी सात जणांना अंधारात बसवलं. समोर एक छोटं वर्तुळ, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढं. त्याच्या एका अर्ध्यात वर्णपटातला एक शुद्ध रंग, दुसऱ्या अर्ध्यात लाल, हिरवा आणि निळा यांचं मिश्रण. दोन्ही अर्धी एकसारखी दिसेपर्यंत तिन्ही प्रकाश कमीजास्त करत बसायचं. कंटाळा यावा असं काम. दोघांची यंत्रं वेगळी, माणसं वेगळी, तरी निष्कर्ष आश्चर्यकारक रीतीने जुळले. त्यातून १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. तो माणूस कधी जन्मलाच नाही. तो म्हणजे एक कोष्टक आहे. पण आज मॉनिटर मोजायचं जे यंत्र तुम्ही विकत घ्याल, त्याच्या पोटात किंवा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच बसलेला असतो. ध्वजाचा केशरीही त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेला आहे.

(नेहरूंना ज्या वर्षी किल्ल्यात आणलं, त्याच १९४२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड मॅकॅडम यांनी रंगातला किती सूक्ष्म फरक डोळ्याला कळतो हे मोजून छापलं. एकाच माणसाकडून पंचवीस हजारांवर वेळा रंग जुळवून घेतले होते! हिरव्यात डोळा बराच फरक खपवून घेतो, निळ्यात फार कमी, हे तिथे दिसलं. रंगांमधलं अंतर सांगणारा 'डेल्टा ई' हा आकडा पुढे आला, तो अशाच कामांच्या आधारावर. ढोबळ मानाने डेल्टा ई एकच्या आत असेल तर फरक दिसत नाही असं धरतात.)

मॉनिटर मोजायचं हे यंत्र घ्यायला निघण्याआधी आणखी एक नवल समजून घ्यावं लागतं. हळदीच्या कार्यक्रमाचा फोटो आठवा. नवरीच्या गालावरची हळद उन्हात पिवळी दिसते, कारण हळदीतलं रंगद्रव्य निळा उजेड गिळतं आणि बाकीचा, हिरव्यापासून पिवळ्या-नारिंगीतून लालापर्यंतचा सगळा, परत फेकतं. मॉनिटरवर तर पिवळा ठिपकाच नाही. तिथे फक्त लाल आणि हिरवे ठिपके पेटलेले असतात. दोन्हीकडून डोळ्यात शिरणारा उजेड पूर्णपणे वेगळा, तरी आपण दोन्हीला बेधडक 'हळदीचा पिवळा' म्हणतो. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. उजेडाचा संपूर्ण वर्णपट त्या तीन आकड्यांत दाबून बसवतात. आणि वेगवेगळे वर्णपट दाबल्यावर तेच तीन आकडे देऊ शकतात. सारा टीव्ही, सारा मोबाइल, सारी छपाई या एका फसवणुकीवर उभी आहे.

आणि यंत्रांचे दोन पंथ पडतात ते इथेच.

पहिला पंथ कलरीमीटरचा. दिसायला छोटी डबी, वायरीने संगणकाला जोडायची आणि पडद्यावर टेकवून लटकवायची. आत तीन किंवा अधिक रंगीत गाळण्या आणि त्यामागे प्रकाश मोजणारे डोळे. गाळण्या अशा बनवायच्या की त्यांतून जाणारा उजेड बरोबर त्या सतरा जणांच्या कोष्टकाप्रमाणे जावा. म्हणजे कलरीमीटर माणसासारखं पाहायचा प्रयत्न करतो. वेगवान असतो, आणि काळ्याजवळच्या गडद छटाही नीट मोजतो. लग्नाच्या अल्बममध्ये काळ्या सुटाच्या घड्या दिसाव्यात यासाठी ही बाब फार मोलाची.

पण गाळणी कोष्टकाशी तंतोतंत जुळत नाही, आणि नव्या पडद्यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. जुन्या मॉनिटरमागे बारीक ट्यूबलाइट असायची. मग निळ्या एलईडीवर पिवळं फॉस्फर लावून केलेला पांढरा उजेड आला. त्या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४चं भौतिकीचं नोबेल मिळालं. आता अनेक चांगल्या पडद्यांत असं लाल फॉस्फर असतं ज्याचा उजेड ६३१ नॅनोमीटरच्या आसपास सुईसारख्या अरुंद रेषांत येतो. लाल उजेड रुंद पसरलेला असेल तर गाळणी एका जागी थोडं जास्त मोजते, दुसऱ्या जागी थोडं कमी, आणि चुका एकमेकींना खाऊन टाकतात. उजेड एकाच अरुंद रेषेत आला तर सुटका नाही. त्या जागी गाळणी चुकली असेल तर लालाचं अख्खं माप तेवढं चुकतं.

दुसरा पंथ स्पेक्ट्रोफोटोमीटरचा. याला माणसाच्या डोळ्याशी देणंघेणं नाही. आत एक जाळी असते, ती उजेडाचे साधारण ३८० ते ७३० नॅनोमीटरपर्यंत तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकडा मोजते. सतरा जणांचं कोष्टक त्यावर नंतर सॉफ्टवेअर लावतं. दिवा कोणत्याही जातीचा असो, याला आधी सांगावं लागत नाही. शिवाय हा स्वतःचा दिवा पेटवून कागदही मोजतो, म्हणजे प्रिंटरचं आणि कागदाचं प्रोफाइलही त्यातून बनतं. खोट अशी, की उजेडाचे इतके तुकडे केल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला थोडासाच येतो. गडद काळ्यात त्याला खरं माप आणि स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सची कुजबुज यांतला फरक कळेनासा होतो. आणि दर दहा नॅनोमीटरला एक आकडा देणारं यंत्र त्या सुईसारख्या लाल रेषेला जरा पसरवून टाकतं.

मग घ्यायचं काय? नगर, संगमनेर, श्रीरामपूरकडच्या एखाद्या फोटो स्टुडिओला माझं उत्तर सरळ आहे: कलरीमीटर घ्या. पण असा घ्या, ज्याला पडद्याची जात सांगता येते. आय-वन डिस्प्ले प्रो या कलरीमीटरमध्ये त्या एका नगाच्या गाळण्या कशा आहेत याची नोंद कारखान्यातच साठवलेली असते; सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या दिव्याचा प्रकार निवडला की गाळणीची चूक किती हे गणिताने काढून वजा होतं. ही निवड न करता केलेलं कॅलिब्रेशन म्हणजे चुकीच्या नंबरचा चष्मा घालून काटेकोरपणे काम करणं.

सेकंडहँड कलरीमीटर स्वस्तात मिळाला म्हणून उड्या मारू नयेत. जुन्या पिढीतल्या काही यंत्रांच्या गाळण्या दमट हवेने आणि वयाने रंग बदलतात, आणि यंत्र ते आपल्याला सांगत नाही. स्पेक्ट्रो या बाबतीत टिकाऊ.

ज्यांची स्वतःची छपाई आहे, कॅनव्हास प्रिंट आहे, तीन-चार जातींचे पडदे आहेत, त्यांनीच स्पेक्ट्रोचा विचार करावा. चांगल्या स्पेक्ट्रोची किंमत दुचाकीच्या घरात जाते. तिसरा रस्ता जाणकारांचा: स्पेक्ट्रो चार जणांत मिळून एक. त्याने प्रत्येकाचा पडदा एकदा मोजायचा, त्यावरून आपापल्या कलरीमीटरची दुरुस्ती बनवून ठेवायची, आणि मग रोजचं मोजमाप कलरीमीटरने करायचं. एकाचा खरेपणा, दुसऱ्याचा वेग. ग्रेम गिल यांचं आर्गिल हे मोफत सॉफ्टवेअर ही दुरुस्ती करून देतं, आणि फ्लोरिअन हॉख यांचं डिस्प्लेकॅल त्याला चेहरा देतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने हे काम होत नाही. तो समोरचा पांढरा आपल्या मनाने बदलत राहतो.

यंत्र आल्यावर दोन कामं होतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. कॅलिब्रेशन म्हणजे पडद्याला ठरलेल्या स्थितीत आणणं: अर्धा तास तापू द्यायचा, पांढरा साधारण ६५०० केल्विनला, उजळपणा छपाईच्या कामासाठी ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या दरम्यान. प्रोफाइल म्हणजे त्यानंतर हा पडदा रंग नेमके कसे दाखवतो याचं वर्णन. यंत्र रंगाचे ठोकळे एकामागून एक मोजतं आणि नकाशा बनतो. फोटोचं सॉफ्टवेअर तो नकाशा वाचून आज्ञा बदलतं, म्हणून भगवा भगव्याच्या पत्त्यावर पोचतो. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यात जो लाल मुळातच नाही, तो मात्र कोणतंही यंत्र आणून देऊ शकत नाही. आणि चौकात एकाच पुढाऱ्याचा चेहरा तीन फ्लेक्सवर तीन रंगांचा दिसतो, त्याला मॉनिटर एकटा जबाबदार नाही. तिथे शाई आणि मशीनचं प्रोफाइलही लागतं.

काही गोष्टी तर मापात येऊनही पडद्यावर येत नाहीत. कोपरगावच्या शेजारी येवला. तिथल्या धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. पदर हलला की रंग पालटतो. त्याचा एकच असा पत्ता नसतो.

उलट, डोळ्याला जे सारखं दिसतं ते वर्णपटात वेगळं निघू शकतं, आणि याचा उपयोगही होतो. निजामशाहीत, १५६५च्या आसपास, नगरमध्ये 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित तयार झालं. ते आता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. हुसेन निजामशाहाशेजारी त्याची राणी खुंजा हुमायून रंगवली होती. पुढे तिची सत्ता गेली आणि तिच्या आकृती पुसल्या गेल्या. जुन्या चित्रांत अशा जागी मागाहून रंग चढवलेला असेल, तर तो डोळ्याला मूळ रंगासारखा वाटला, तरी वर्णपट मोजला की वेगळं द्रव्य उघडं पडतं. कलरीमीटर इथे मुका राहील, कारण त्याला फसवणूक दिसते तशीच दिसते, जशी आपल्याला.

शेवटी एक तिढा उरतोच. ओएलईडी पडदा आणि जुना एलसीडी शेजारी ठेवले, दोन्हींचा पांढरा यंत्राने तंतोतंत एकाच पत्त्यावर आणला, तरी ओएलईडी हिरवट-पिवळट दिसतो. यंत्र बरोबर, डोळा बरोबर, कोष्टक चुकलेलं! त्या १९३१च्या निरीक्षकाची निळ्या टोकाकडची संवेदना थोडी कमी धरली गेली होती. डीन जड यांनी १९५१ मध्येच त्यावर दुरुस्ती सुचवली, आणि सोनीने आपल्या व्यावसायिक ओएलईडी मॉनिटरसाठी पांढऱ्याचा पत्ता तिच्या आधाराने सरकवून घ्यायला सांगितलं. स्टुडिओत असे दोन पडदे असतील तर दोन्हींवर कोरा पांढरा लावा, एकाचा पांढरा नजरेने दुसऱ्याशी जुळवा, त्या जुळलेल्या पांढऱ्याचं माप यंत्राने घ्या आणि पुढचं सगळं कॅलिब्रेशन त्या पत्त्याला धरून करा. वय झालं की डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा कमी पोचतो, तेव्हा मालकाचा पांढरा आणि कामावरच्या पोराचा पांढरा एक निघेलच असं नाही. नाही निघाला तर गिऱ्हाइकाची बोलणी ज्याला खावी लागतात, त्याचा धरावा.