महिला नेमबाजाची रायफल : वजनाआधी मापाचा विचार

चंडीगड : येथील अंजुम मौदगिल हिने 2018 मध्ये दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत 10 मीटर एअर रायफल प्रकारात रौप्यपदक पटकावले आणि टोकियो ऑलिम्पिकसाठी भारताला कोटा मिळवून दिला. तेव्हापासून या शहरातील अनेक मुली रायफलकडे वळल्या असतील, तर त्यात नवल नाही. मात्र नवशिक्या मुलीच्या हाती येणारी रायफल बहुधा सामाईक असते. आधीच्या उंच मुलाच्या मापाने लावलेली तीच रायफल ती उचलते, आणि पालकांचा पहिला प्रश्न असतो : याहून हलकी मिळेल का?

हा प्रश्न योग्य असला तरी तो दुसरा आहे. नियमांनुसार 10 मीटर एअर रायफलचे वजन साडेपाच किलोपेक्षा अधिक असू शकत नाही. ही मर्यादा स्त्री-पुरुष दोघांना सारखीच आहे. 50 मीटर रायफलसाठी पुरुषांना आठ, तर महिलांना दीर्घकाळ साडेसहा किलोची मर्यादा राहिली आहे. ही कमाल मर्यादा असल्याने त्याहून हलकी रायफल वापरण्यास हरकत नसते. परंतु फार हलकी रायफल हृदयाच्या ठोक्यानेही हलते. एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे थोडे वजन का हवे ते कळते.

म्हणून आरंभ दस्त्याच्या लांबीपासून करावा. चाप आणि खांद्याला टेकणारी बटप्लेट यांतील अंतर जास्त असेल, तर मुलगी मान पुढे ताणते व पाठ मागे झुकवते. अंतर कमी केल्यावर गालाखालचा आधार, म्हणजे चीकपीस, इतका उंच करावा की मान न वाकवता डोके त्यावर विसावेल आणि डोळा मागील दर्शनीच्या छिद्रासमोर आपोआप येईल. बटप्लेट खालीवर तसेच आडवी सरकवता येते. खांदे अरुंद असल्यास या सोयीचा विशेष उपयोग होतो. हात लहान असेल, तर चाप मुठीच्या दिशेने मागे घ्यावा. बोटाच्या पहिल्या पेराने तो सरळ मागे दाबता आला पाहिजे.

उभ्याने नेम धरताना खरी कसोटी कमरेची असते. उजव्या हाताच्या नेमबाजाचे डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकते आणि रायफलचा भार स्नायूंऐवजी हाडांतून पायाकडे उतरतो. धड लांब व हात आखूड असेल, तर कोपर तेथवर पोहोचत नाही. मग मुलगी कंबर पुढे काढून कण्याला पीळ देते. स्पर्धेत 60 नेम, सरावात त्याहून कितीतरी अधिक. कोवळ्या पाठीला हा पीळ महागात पडू शकतो. अशा वेळी रायफल तळव्याऐवजी मुठीवर वा उभ्या बोटांवर ठेवून उंची साधतात. नळीच्या टोकाकडील वजने काढून तोल मागे आणल्यासही डाव्या हातावरील ताण कमी होतो. वजन कमी करायचे, तर ते येथून करावे.

माप जमले की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. नेम धरून डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. दर्शनी लक्ष्यापासून सरकलेली दिसली, तर आधी पावलांची जागा बदलावी. तरीही ती सरकतच असेल, तर मापात दोष समजावा. एका वेळी एकच फेरफार करावा आणि पट्टीवरील आकडा वहीत टिपावा. सामाईक रायफल वापरणाऱ्या मुलीसाठी तर ही वही अत्यावश्यक आहे.

थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने अशा तीन स्थितींसाठी एकच रायफल तीनदा लावावी लागते. फरीदकोटच्या सिफ्त कौर समरा हिने 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत 469.6 गुणांचा विश्वविक्रम केला तो याच प्रकारात. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने म्युनिक येथे पालथ्या स्थितीतील 50 मीटर प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले होते.

वाढत्या वयाच्या मुलींची मापे काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा घ्यावी लागतात. नेमबाजीचे जाड जॅकेट बदलले, तरी दस्त्याची लांबी नव्याने पाहावी लागते.