नव्या विद्युत इंजिनांचा मागोवा : चित्तरंजन ते हावडा

हावडा स्थानकात गाडी फलाटाला लागली की बहुतेक प्रवाशांची नजर आपल्या डब्याचा क्रमांक शोधू लागते. काही मोजक्या व्यक्ती मात्र त्याच वेळी गाडीच्या अग्रभागाकडे वळतात. इंजिनाचा पाच आकडी क्रमांक, त्याच्या वर्गाची अक्षरे आणि ते ज्या लोकोशेडचे आहे तिचे नाव, एवढा तपशील ते वहीत टिपून घेतात. हा क्रमांक पूर्वी कधीच नोंदलेला नसेल, तर एक नवे इंजिन सेवेत आल्याची ती खूण असते. रेल्वेप्रेमींचा हा छंद वरकरणी निरुपयोगी वाटेल. परंतु सार्वजनिक गुंतवणुकीतून निर्माण झालेली साधनसामग्री प्रत्यक्ष वापरात केव्हा आणि कोठे येते, हे समजून घेण्याची एक शिस्त त्यात दडलेली आहे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य जाणून घ्यावी.

या छंदाला दीर्घ परंपरा आहे. ब्रिटनमध्ये १९४२ साली इयान ॲलन यांनी इंजिन क्रमांकांची पहिली पुस्तिका प्रसिद्ध केली आणि पाहिलेल्या क्रमांकावर खूण करण्याची प्रथा तेथे रुजली. कोलकात्याला या बाबतीत भौगोलिक अनुकूलता लाभली आहे. पूर्व रेल्वेची हावडा आणि दक्षिण पूर्व रेल्वेची सांतरागाछी ही विद्युत लोकोशेड शहरालगतच आहेत. विद्युत इंजिनांचा देशातील सर्वांत जुना सरकारी कारखाना असलेले चित्तरंजन याच राज्यात आहे आणि त्याच कारखान्याचे एक जुळणी केंद्र कोलकात्याजवळ डानकुनी येथे आहे.

चित्तरंजनची वाटचाल

पश्चिम बंगाल व झारखंड यांच्या सीमेवर, आसनसोलपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर वसलेल्या या कारखान्यात २६ जानेवारी १९५० रोजी उत्पादनास प्रारंभ झाला. देशबंधू चित्तरंजन दास यांचे नाव त्यास देण्यात आले. ‘देशबंधू’ हे येथील पहिले वाफेचे इंजिन १ नोव्हेंबर १९५० रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते राष्ट्रार्पण झाले. १९७२ पर्यंत वाफेची २,३५१ इंजिने येथे तयार झाली.

मराठी वाचकांना विशेष वाटावी अशी घटना १९६१ मधील आहे. कारखान्याचे पहिले विद्युत इंजिन १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते सेवेत आले. त्याचे नाव होते ‘लोकमान्य’. ते १,५०० व्होल्ट डीसी, म्हणजेच दिष्ट विद्युतप्रवाहावर चालणारे होते. मुंबई परिसरात तेव्हा हीच प्रणाली होती. देशातील पहिली विजेवरील गाडीही ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई व्हीटी ते कुर्ला या मार्गावर याच दाबाच्या प्रवाहावर धावली होती.

पुढे रेल्वेने २५,००० व्होल्ट एसी, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाची प्रणाली स्वीकारली. या प्रणालीवरील चित्तरंजनचे पहिले इंजिन ‘बिधान’ १६ नोव्हेंबर १९६३ रोजी सेवेत आले. बंगालचे माजी मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांचे ते स्मरण होते. दोन प्रणाली अस्तित्वात असल्याने हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईस जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन दीर्घकाळ इगतपुरीस बदलावे लागे. मुंबई परिसरातील प्रणालीचे रूपांतर पूर्ण झाल्यानंतर तेथील डीसी इंजिनांचे युग संपले.

क्रमांक आणि अक्षरे काय सांगतात?

इंजिनावरील अक्षरे ही एक संक्षिप्त भाषा आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंदमापी मार्ग, ‘ए’ म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह, ‘सी’ म्हणजे दिष्ट प्रवाह, ‘डी’ म्हणजे डिझेल. त्यानंतरचे ‘पी’ प्रवासी गाडीसाठी, ‘जी’ मालगाडीसाठी आणि ‘एम’ दोन्ही कामांसाठी वापरले जाते. शेवटचा अंक त्या प्रकारातील श्रेणी दर्शवितो. म्हणून ‘डब्ल्यूएपी-७’ म्हणजे रुंदमापी मार्गावरील, प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या प्रवासी इंजिनांची सातवी श्रेणी होय.

प्रत्येक श्रेणीस क्रमांकांची मालिका दिलेली असते. डब्ल्यूएपी-७ मधील पहिल्या इंजिनाचा क्रमांक ३०२०१ असून त्याचे नाव ‘नवकिरण’ आहे. मालिकेतील सर्वांत पुढचा क्रमांक कोणता दिसला, यावरून पुरवठा कोठवर आला याचा स्थूल अंदाज बांधता येतो.

नवे इंजिन नवे कशामुळे?

१९९० च्या दशकात सेवेत आलेल्या डब्ल्यूएपी-४ इंजिनांची शक्ती सुमारे ५,००० अश्वशक्ती होती आणि त्यांत डीसी मोटारी असत. १९९३ मध्ये एबीबी या कंपनीशी तंत्रज्ञान हस्तांतरणासह ३३ इंजिनांचा करार झाला. त्यात ११ डब्ल्यूएपी-५ प्रवासी इंजिने आणि २२ मालवाहू इंजिने होती. या तंत्रज्ञानात तारेतून येणारा एकफेजी प्रवाह रोहित्रातून परिवर्तकाकडे जातो आणि तेथून बदलता दाब व वारंवारता असलेला त्रिफेजी प्रवाह मोटारींना मिळतो. या मोटारींची देखभाल कमी लागते आणि ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज पुन्हा तारेत पाठविता येते.

याच तंत्रज्ञानावर चित्तरंजनने डब्ल्यूएपी-७ विकसित केले. सहा आसांचे, १२३ टन वजनाचे आणि सहा हजारांहून अधिक अश्वशक्तीचे हे इंजिन २४ डब्यांची गाडी सहज ओढते. अलीकडच्या इंजिनांत प्रत्येकी ५०० केव्हीए क्षमतेचे दोन परिवर्तक बसविलेले असतात. त्यामुळे डब्यांतील दिवे, पंखे व वातानुकूलनासाठी लागणारी वीज इंजिनाकडूनच मिळते. पूर्वी यासाठी गाडीला जोडलेल्या जनित्र डब्यात डिझेल जाळावे लागे. फलाटावरील धूर व आवाज कमी झाल्याचा अनुभव प्रवाशांना येतो, तो या बदलामुळे.

कारखान्याच्या दारापासून गाडीपर्यंत

इंजिन कारखान्यातून बाहेर पडले म्हणजे ते लगेच गाडीला जोडले जाते असे नाही. जुळणीनंतर त्याची तपासणी व चाचणी होते, नंतर ते नियत लोकोशेडकडे रवाना होते. शेडमध्ये पुन्हा तपासणी होऊन ते सेवेत घेतले जाते आणि मगच त्याला गाडीचे काम मिळते. अनेक इंजिनांवर सेवेत आल्याची तारीखही रंगविलेली आढळते. उत्पादन, पुरवठा आणि वापर हे तीन टप्पे वेगवेगळे आहेत, हे रेल्वेप्रेमीला अनुभवाने कळते.

आकडेवारी वाचताना हाच भेद उपयोगी पडतो. २०२४-२५ मध्ये देशात १,६८१ इंजिने तयार झाली. त्यांपैकी चित्तरंजन ७००, बनारस ४७७, पतियाळा ३०४ आणि मधेपुरा व मढौरा येथे प्रत्येकी १०० असा वाटा होता. परंतु या संख्येत मालवाहू इंजिनांचाही मोठा वाटा असतो. मढौरा येथील इंजिने तर डिझेलवरची आहेत. म्हणून एकूण आकड्यावरून प्रवासी गाड्यांना किती नवी इंजिने मिळाली याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रुंदमापी मार्गांचे विद्युतीकरण २०२५ पर्यंत सुमारे ९९ टक्क्यांवर पोहोचल्याने हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे. तारा टाकल्या गेल्या, तरी त्यांखाली धावणारे इंजिन उपलब्ध नसेल तर डिझेलची बचत होत नाही.

छंदोपासकांच्या नोंदींनाही मर्यादा आहेत. इंजिने एका शेडमधून दुसऱ्या शेडकडे बदलून जातात, एकच इंजिन अनेकांच्या नजरेस पडते आणि मालिकेतील सर्व क्रमांक सलग सेवेत येतातच असे नाही. या नोंदी अधिकृत आकडेवारीस पूरक ठरू शकतात, पर्याय ठरत नाहीत. शिवाय हे निरीक्षण फलाटावरूनच व्हावे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये रेल्वे हद्दीत अनधिकृत प्रवेश हा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हींस पात्र असा गुन्हा आहे.

बदलते चित्र

प्रवासी इंजिन या संकल्पनेतही आता परिवर्तन होत आहे. ३० डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या हावडा–न्यू जलपाईगुडी वंदे भारत गाडीस स्वतंत्र इंजिन नाही, तिच्या मोटारी डब्यांखालीच आहेत. ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या मालदा टाऊन–बेंगळुरू अमृत भारत गाडीस मात्र दोन्ही टोकांना डब्ल्यूएपी-५ इंजिने आहेत. त्यामुळे वहीतील रकाने बदलतील, पण प्रश्न तेच राहतील : कोणत्या प्रकारचे साधन, केव्हा तयार झाले, कोणाला मिळाले आणि कोणत्या कामी लागले? इंजिन असो, रुग्णवाहिका असो वा पाण्याचा पंप, सार्वजनिक खर्चातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक वस्तूविषयी हे चार प्रश्न विचारता येतात. विकासाचा आकडा वाचणाऱ्या विद्यार्थ्याने हावड्याच्या फलाटावरील त्या वहीतून एवढा धडा घेतला तरी पुरे.